गझाली आणि मायमोनिडीज: जग अनादि नाही म्हणणारे दोघं, पण एका पार्टीतले नव्हेत

मीसुद्धा बरेच दिवस या दोघांना एकाच खणात टाकून मोकळा झालो होतो. दोघंही अरबीत लिहिणारे, दोघंही आपापल्या धर्मशास्त्रात मुरलेले, आणि दोघांनीही ॲरिस्टॉटलवाल्यांना सुनावलं की बाबांनो, जग कायमचंच आहे हे तुम्ही काही सिद्ध केलेलं नाही. मग फरक काय, गझाली मुसलमान आणि मायमोनिडीज ज्यू, एवढाच ना? एवढाच असता तर हे लिहायला बसलोच नसतो.

आधी एक घोळ उरकून घेऊ. जग अनादि म्हणजे देव नाही, असं तिथे कुणीच म्हणत नव्हतं. त्या ॲरिस्टॉटलवाल्यांपैकी तत्त्वज्ञ इब्न सीना (मृत्यू १०३७) देव मानतोच, फक्त त्याच्या मते सूर्य आहे तोवर उजेड आहे तसं देव आहे तोवर जग आहे, म्हणजे जग देवामुळेच आहे पण ते 'अमुक क्षणी सुरू झालं' असा क्षण दाखवता येत नाही.

गझालीला नेमकं हेच खटकतं. बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत असताना १०९५ मध्ये त्याने 'तहाफुत अल-फलासिफा' (म्हणजे 'तत्त्वज्ञांची विसंगती') पुरं केलं, त्यात तत्त्वज्ञांच्या मतांवर वीस मुद्दे, आणि पहिलाच हा. त्यातला मला आवडतो तो शनीचा हिशोब. त्या काळच्या खगोलशास्त्रात सूर्याची फेरी एका वर्षात होते आणि शनीची तीस वर्षांत. आता दोघंही अनादि काळापासून फिरतायत म्हटलं तर दोघांच्याही फेऱ्या अनंत झाल्या, पण सूर्याच्या तर शनीच्या तीसपट असायला हव्यात, मग एक अनंत दुसऱ्या अनंताच्या तीसपट कसं? वर विचारतो, त्या फेऱ्या सम का विषम? सम म्हणालात तर एक मिळवली की विषम होते, मग अनंताला एक कमी कशी काय पडली बुवा! (आजचं गणित शिकलेला माणूस यावर गालात हसेल, पण तेव्हा याला उत्तर देणं सोपं नव्हतं.)

समोरच्यांचा प्रश्नही तेवढाच अवघड होता: देवाने जग त्याच क्षणी का केलं, आधी का नाही? गझाली म्हणतो, भुकेल्या माणसासमोर अगदी सारखे दोन खजूर ठेवा, तो काय उपाशी बसेल? एक उचलेलच. इच्छेचं कामच ते, कारण नसतानाही निवडायचं. आणि पुस्तकाच्या शेवटी निकाल: वीसपैकी तीन मतं मानणारा काफिर, त्यात जगाचं अनादित्व आलंच.

मायमोनिडीजचा सूर वेगळाच आहे. हा मूळचा कोर्दोबाचा, पुढे कैरोजवळ फुस्तातला वैद्य (व्यापार सांभाळणारा भाऊ दाविद हिंदी महासागरात बुडाला, त्या धक्क्याने हा वर्षभर अंथरुणाला खिळला होता). ११९० च्या आसपासचा त्याचा ग्रंथ 'दलालत अल-हाइरीन' (म्हणजे 'गोंधळलेल्यांचा वाटाड्या'), भाषा अरबी पण लिपी हिब्रू. त्यात तो पहिल्यांदा झोडपतो कुणाला, तर कलामवाल्यांना (तर्काने धर्म सिद्ध करू बघणारे इस्लामी धर्मशास्त्री), म्हणजे गझाली ज्यांची हत्यारं वापरतो त्यांनाच. ते आधी जगाला सुरुवात आहे असं सिद्ध करू बघतात आणि त्यावर देव उभा करतात. हा म्हणतो, अरे पण सुरुवातच सिद्ध होत नसेल तर देव लटकला की! म्हणून तो उलटा डाव टाकतो, वादापुरतं जग अनादि धरतो आणि त्यावरून देव सिद्ध करतो. सुरुवात असेल तर कर्ता आहेच, नसेल तरी देव सुटत नाही.

मग सृष्टीचं काय? तर त्याच्या मते पक्का पुरावा कुणाकडेच नाही. इथे तो एक पोरगा आणतो: आई लहानपणीच गेली, बापाने निर्जन बेटावर वाढवला, बाईमाणूस तर सोडाच कुठल्या प्राण्याची मादीपण पाहिलेली नाही. त्याला सांगा की माणूस महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या पोटात राहतो, तोंडाने खात नाही, श्वास घेत नाही, तर तो पोरगा तुम्हाला तर्काने सिद्ध करून दाखवेल की हे अशक्य आहे. तयार जगाचे नियम जगाच्या जन्माला लावणारा ॲरिस्टॉटल म्हणजे हा पोरगा. माझ्या मते शनीच्या हिशोबापेक्षा हे जास्त मुरलेलं आहे.

आणि सगळ्यात मोठा फरक पुढेच आहे. तो सरळ लिहितो की अनादित्व सिद्ध झालं असतं तर तोराहमधल्या (ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या) ओळींचा अर्थ आपण वेगळा लावला असता, देवाला हात-पाय आहेत अशा ओळींचा लावतोच ना, तसा. पण ते सिद्ध झालेलं नाही, आणि ॲरिस्टॉटलचं मानलं तर चमत्कार आणि अख्खं नियमशास्त्रच कोसळतं. (एवढा मोकळेपणा दाखवून मग हे दुसरं कारण, त्यामुळे हा मनातून नक्की कुठल्या बाजूचा, ही शंका जुन्या वाचकांपासून चालत आलीय.)

त्यामुळे शेजार लावायचाच तर मायमोनिडीजशेजारी मी गझालीला नाही, ॲरिस्टॉटलवाल्या इब्न रुश्दला बसवेन, तोही कोर्दोबाचाच, गझालीच्या पुस्तकाला पुस्तकभर उत्तर देणारा. धर्मग्रंथाच्या ओळी नव्याने वाचायची तयारी त्याचीही, त्याने तर कुराणच उघडून दाखवलं की बघा, आकाश आणि पृथ्वी केली तेव्हा देवाचं सिंहासन पाण्यावर होतं असं लिहिलंय, म्हणजे तेव्हा पाणी होतंच की.