ते '६५ टक्के'वालं वाक्य आलं कुठून?

कोथरूडमधल्या एका कोडिंग क्लासच्या डेमोला गेलो होतो, आठ वर्षांच्या पोरांसाठी, आणि पहिलीच स्लाइड: "आज पहिलीत असलेली ६५ टक्के मुलं अशा नोकऱ्या करतील ज्या अजून अस्तित्वातच नाहीत." सगळ्या पालकांना लगेच टेन्शन. फी पुढच्या स्लाइडवर, अर्थातच.

तर हा आकडा कुठल्याही धड सर्व्हेतून आलेला नाहीये. अमेरिकेतल्या प्राध्यापक कॅथी डेव्हिडसन यांच्या २०११ च्या पुस्तकामुळे तो गाजला, मग २०१६ मध्ये वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या रिपोर्टमध्ये 'एका लोकप्रिय अंदाजानुसार' असं म्हणून आला आणि तिथून सगळे फोरमचंच नाव लावायला लागले. २०१७ मध्ये बीबीसी रेडिओच्या आकडे तपासणाऱ्या कार्यक्रमाने मूळ शोधायचा प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही, आणि डेव्हिडसन बाईंनी स्वतः तो वापरणं आधीच सोडलेलं.

आजूबाजूला बघा ना जरा. हिंजवडीत कामं बदलली हे खरं, क्लाउडबिउड आपल्या लहानपणी नव्हतंच, पण त्याच हिंजवडीत ड्रायव्हर, कुक, वायरमन, अकाउंटंट पण आहेतच की. बहुतेक वेळा जुन्याच कामात नवीन अवजार येतं, वहीच्या जागी टॅली आलं, हिशेब कळावाच लागतो.

शाळा भारी आहेत असं म्हणत नाहीये हां मी, घोकंपट्टी आहेच. पण तो वेगळा मुद्दा, त्याला खोटा आकडा कशाला? क्लासवाल्याला सोर्स विचारला तर म्हणाला, "सर, गुगलवर आहे."