दुखणं तिथलं, कळ पोटात

पहाटे चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पोट धरून उठतो, दोनदा ओकतो. अपचन झालं असेल म्हणून घरचे सकाळची वाट बघतात. खरं दुखणं पोटाच्या खाली, वृषणात म्हणजे अंडकोषातल्या गोळीत आहे, हे तपासणीत कळतं, आणि तोवर कधी कधी फार उशीर झालेला असतो.

मुलगा लाजेने बोलला नाही हे खरंच, पण सगळा दोष लाजेचा नाही. गर्भात वृषण तयार होतात ते मूत्रपिंडांच्या शेजारी. जन्माआधी ते सरकत सरकत खाली अंडकोषात येतात आणि आपल्या रक्तवाहिन्या, मज्जातंतू सोबत ओढत आणतात. बिऱ्हाड हललं, तारा जुन्याच राहिल्या. म्हणून वृषणाची कळ पोटात जाणवते, मळमळतं. उलटा प्रकारही घडतो: मुतखडा वर अडकतो आणि वृषण ठणकतो, जरी त्याला काहीच झालेलं नसतं.

सगळ्यात घाईचं कारण म्हणजे वृषणाला पडलेला पीळ. वृषण ज्या दोरीसारख्या जुडग्याला लोंबतो, त्यातूनच त्याचा रक्तपुरवठा होतो. पीळ पडला की आधी रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात, वृषण सुजतो, मग आत येणारं रक्तही थांबतं. साधारण 6 तासांत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वृषण वाचतो. 24 तासांनंतर क्वचितच. 12 ते 18 या वयात हे जास्त दिसतं, पण वयाचं बंधन नाही. मार लागायलाच हवा असंही नाही, झोपेतही पीळ पडतो. काहींचा वृषण जन्मतःच नीट बांधलेला नसतो, घंटेच्या लोलकासारखा मोकळा झुलतो. ही ठेवण बहुधा दोन्ही बाजूंना असते, म्हणून शस्त्रक्रियेत दुसरा वृषणही टाके घालून पक्का करतात.

तेव्हा एका बाजूला अचानक जोरात कळ आली, वृषण वर ओढल्यासारखा किंवा आडवा दिसला, उलटी झाली, तर थेट रुग्णालय गाठावं, रात्र असली तरी. वाटेत काही खाऊ-पिऊ नये. भूल द्यावी लागू शकते. कळ आपोआप थांबली तरी जावंच. पीळ सुटला असेल, पण तो पुन्हा पडू शकतो.

दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू वाढलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, तर बहुधा वृषणामागच्या नळीला, म्हणजे अधिवृषणाला, जंतुसंसर्ग झालेला असतो. तरुणांत तो अनेकदा लैंगिक संबंधांतून येतो, उतारवयात मूत्रमार्गातून. त्यावर प्रतिजैविकं आहेत, पण निदान घरी करू नये. पिळाची शंका सोनोग्राफीने किंवा थेट शस्त्रक्रियेनेच फिटते. वयात आल्यावर गालगुंड झाले तर काही दिवसांनी वृषणही सुजू शकतात. मधुमेह असलेल्याच्या अंडकोषाची कातडी काळपट पडू लागली आणि वेदना असह्य झाल्या, तर तीही तातडीचीच वेळ.

दिवसभर उभं राहिल्यावर डावीकडे जड वाटत असेल आणि आडवं झाल्यावर बरं वाटत असेल, तर फुगलेल्या शिरा हे कारण असू शकतं. त्यासाठी सवडीने डॉक्टरांची वेळ घेतली तरी चालेल. जांघेतला हर्नियाही असा ओढ लावतो. मात्र तो फुगवटा कडक होऊन आत जाईनासा झाला, तर थांबू नये.

कर्करोगाची भीती बहुतेकांना दुखू लागलं की वाटते. तो मात्र सहसा न दुखणाऱ्या कडक गाठीच्या रूपात येतो. न दुखणारी गाठ हाताला लागली, तर तीही दाखवायची.