रेशनकार्डातलं कुटुंब आणि ईएसआयमधलं कुटुंब

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसाच्या घरात बऱ्याचदा दोन कार्डं सापडतात. एक आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी उपचार योजनेचं, दुसरं कारखान्यातून मिळालेलं ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं. दोन्ही सरकारी, दोन्हीवर कुटुंबाला उपचार, म्हणून एकात नाव आहे म्हणजे दुसऱ्यातही असणारच असं घरात गृहीत धरलं जातं. ते तसं नसतं, आणि हे कळतं ते नेमकं रुग्ण दाखल करताना.

फरक 'कुटुंब' या शब्दातच आहे. आरोग्य कर्नाटक चूल मोजतं: रेशनकार्डावर जितकी नावं, तितकं कुटुंब. आजी, धाकटा भाऊ, भावजय, तिची मुलं, सगळी त्यात. ईएसआय चूल बघत नाही. तिथे एक कमावता माणूस मधोमध असतो आणि कायद्याने त्याच्यावर अवलंबून ठरवलेली माणसंच धरली जातात. त्यामुळे एकाच घरात राहणारी वहिनी रेशनकार्डावर असते, पण दिराच्या ईएसआयमध्ये ती कधीच येत नाही. उलट चंदगड तालुक्यातल्या गावी राहणारे आईवडील बेळगावच्या रेशनकार्डावर नसतात, पण मुलाच्या ईएसआयमध्ये येऊ शकतात.

आधी ईएसआय, कारण चुका तिथे जास्त होतात. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्याला ही योजना लागू होते आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. म्हणजे 18,000 पगार असेल तर कामगाराचे 135 आणि मालकाचे 585 रुपये. कुटुंबात कोण धरायचं ते कायदाच सांगतो: पती किंवा पत्नी, अज्ञान (18 वर्षांखालची) मुलं, दत्तक असली तरी, शिक्षण चालू असलेलं मूल 21 वर्षांचं होईपर्यंत, लग्न न झालेली मुलगी, अपंगत्वामुळे स्वतः कमावू न शकणारं मूल, ते कोणत्याही वयाचं असो, आणि आईवडील, पण त्यांचं सगळीकडून मिळून उत्पन्न महिन्याला 9,000 रुपयांच्या आत असेल तरच. कामगार अविवाहित असेल आणि आईवडील हयात नसतील, तर त्याच्यावर अवलंबून असलेला अज्ञान भाऊ किंवा बहीणही बसते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येत स्त्री कामगाराचे सासूसासरेही आले आहेत. शिवणकामाच्या युनिटमध्ये काम करणाऱ्या बायकांनी हे आपल्या कारखान्याच्या ऑफिसात आवर्जून विचारावं.

आता ही नावं चढतात कशी? कामावर घेतल्यावर मालकाच्या ऑफिसातून ईएसआयच्या पोर्टलवर कामगाराची नोंद होते आणि त्याला दहा आकडी विमा क्रमांक मिळतो. त्याच वेळी कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, नातं, आधार, आणि तो सोबत राहतो की दुसरीकडे हे भरायचं असतं. कारकून घाईत असला की कामगाराचं भरतो आणि कुटुंबाचा रकाना कोरा ठेवतो. पगारातून कपात सुरू होते, कामगाराला वाटतं सगळं झालं. म्हणून ई-पहचान पत्राची, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्राची, छापील प्रत हातात घेऊन प्रत्येक नाव वाचून बघावं, त्यावर कुटुंबाचा फोटो लावून मालकाची सही-शिक्का घ्यावा. पुढे लग्न झालं, मूल झालं, की 15 दिवसांत कळवायचं असतं. मालकाकडून किंवा ईएसआयच्या शाखा कार्यालयातून नाव वाढवता येतं.

'सोबत राहतो की नाही' हा रकाना सीमाभागात फार मोलाचा. ईएसआय केंद्र सरकारच्या कायद्याखालची योजना आहे, त्यामुळे कामगार उद्यमबागेत आणि बायकामुलं गडहिंग्लजकडे असली तरी कुटुंबासाठी वेगळा दवाखाना निवडता येतो, तोही महाराष्ट्रातला. पण कारकुनाने सगळ्यांना बेळगावचाच पत्ता लावला तर त्यांना प्रत्येक तापखोकल्याला बेळगाव गाठावं लागतं.

नोकरी बदलताना सर्वांत जास्त नुकसान होतं. नवीन मालकाला जुना विमा क्रमांक द्यायचा. तो दिला नाही तर नवा क्रमांक तयार होतो, भरलेले दिवस दोन क्रमांकांत विभागले जातात आणि जुन्यातली कुटुंबाची नावं नव्यात येत नाहीत. सुपरस्पेशालिटी उपचारांसाठी भरलेल्या दिवसांची स्वतंत्र अट असते, तिथे हे फुटलेले दिवस आडवे येतात.

रेशनकार्डाची बाजू वेगळी. आरोग्य कर्नाटक 2018 मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलं गेलं. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. एपीएल असेल तर ठरलेल्या पॅकेजच्या 30 टक्के रक्कम सरकार देतं, तीही वर्षाला दीड लाखापर्यंत. इथे ध्यानात ठेवायचं ते हे की 5 लाख माणशी नाहीत, अख्ख्या कार्डाचे आहेत. तीन भावांची चूल प्रत्यक्षात वेगळी झाली आणि कार्ड मात्र एकच राहिलं, तर एका भावाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत दुसऱ्याच्या मुलाचाही वाटा जातो. ईएसआयमध्ये उपचारखर्चाला अशी रुपयांची मर्यादा नाही.

इथे नाव घालायचं म्हणजे आधी रेशनकार्डात घालायचं. आयुष्मान कार्ड त्यातूनच निघतं. काम 'ग्राम वन' किंवा 'कर्नाटक वन' (One) या सरकारी सेवा केंद्रांत होतं, फॉर्म कन्नडमध्ये. 'पडितर चीटी' म्हणजे रेशनकार्ड, 'सेरपडे' म्हणजे नाव वाढवणं, 'तिद्दुपडी' म्हणजे दुरुस्ती, एवढं माहीत असलं की काउंटरवर अडत नाही. दुरुस्तीची सोय पोर्टलवर बारा महिने चालू नसते, मुदतीपुरती उघडते. तेव्हा कागद तयारच असावेत.

सीमाभागात खरी अडचण सुनेची. तिचं माहेर कोल्हापूर जिल्ह्यात, नाव अजून वडिलांच्या महाराष्ट्रातल्या रेशनकार्डावर. एकच आधार दोन कार्डांवर चालत नाही, म्हणून इकडचा अर्ज परत येतो. क्रम असा ठेवावा: माहेरच्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागातून नाव कमी केल्याचा दाखला, मग विवाह नोंदणी प्रमाणपत्र दाखवून आधारवर सासरचा पत्ता, मग इथल्या रेशनकार्डात नाव, आणि शेवटी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करून आयुष्मान कार्ड. मधली पायरी गाळली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नावाचं स्पेलिंगही जुळायला हवं. 'विठ्ठल' एका टीने की दोन टीने, आडनाव आधी की शेवटी, हे आधारवर असेल तसंच सगळीकडे ठेवावं.

ई-केवायसीत बोटांचे ठसे उमटत नाहीत ही फौंड्रीतल्या कामगारांची आणि काजू सोलणाऱ्या बायकांची नेहमीची तक्रार. वाळूने बोटं झिजतात, काजूच्या टरफलातल्या तेलाने कातडी जळते. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने काम होतं. म्हणून मोबाइल नंबर आधी जोडून घ्यावा. लहान मुलांचं आधार वयाच्या 5 व्या आणि 15 व्या वर्षी अद्ययावत करावं लागतं, नाहीतर तिथेही ई-केवायसी अडकते.

उपचाराला जायची वाटही निरनिराळी. ईएसआयचा माणूस आधी आपल्या दवाखान्यात, तिथून ईएसआय रुग्णालयात, तिथून चिठ्ठी मिळाली तर करार असलेल्या खासगी रुग्णालयात. आरोग्य कर्नाटकचा रुग्ण सरकारी दवाखान्यातून, म्हणजे तालुका रुग्णालय किंवा बेळगावात सिव्हिल, आताचं बिम्स, तिथून रेफर होऊन पुढे जातो. यादीतल्या तातडीच्या आजारांत मात्र यादीवरच्या खासगी रुग्णालयात थेट जाता येतं. सिव्हिलची चिठ्ठी ईएसआयला चालत नाही आणि ईएसआयची चिठ्ठी आरोग्य कर्नाटकला. रुग्ण हलवण्याआधी कोणत्या कार्डावर जायचं ते ठरवा.

सायबर कॅफेतून मिळालेलं 14 आकडी आभा कार्ड म्हणजे यांपैकी काहीच नव्हे, ती फक्त आरोग्याच्या नोंदींची ओळख आहे. तसंच 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना 865 सीमागावांसाठी लागू करायचा निर्णय घेतला, ती यादीही वेगळी. तिचा इथल्या दोन्ही नोंदींशी संबंध नाही.

राहिला 'अवलंबित' हा शब्द. कामावर अपघात होऊन कामगार दगावला तर ईएसआय त्याच्या अवलंबितांना पेन्शन देतं. त्यातला मुलगा 25 वर्षांपर्यंत धरला जातो. त्यामुळे उपचाराच्या यादीतून 21 व्या वर्षी गळालेला मुलगा या पेन्शनला पात्र असू शकतो. त्याचं नाव कार्डावर दिसत नाही म्हणून घरच्यांनी हक्क सोडू नये. आणि फॉर्मवर लिहिलेला नॉमिनी हा तिसराच. कामगाराची उरलेली देय रक्कम त्याच्या हाती येते, पेन्शन नाही.