गुडघेबदलानंतरचे सावरणे

झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवल्यापासून रुग्ण पुन्हा आपल्या नेहमीच्या चालण्या-वावरण्यापर्यंत पोहोचतो, तो सगळा काळ म्हणजे गुडघेबदलानंतरचे सावरणे. ‘गुडघे बदललेत, दीड महिन्यात चालायला लागतील,’ असे नाशिकमध्ये घरोघरी ऐकू येते. दीड महिन्यात चालणे येते हे खरे. सावरणे मात्र वर्षभर चालू असते आणि अनेकांना दुसऱ्या वर्षातही थोडा थोडा फरक जाणवत राहतो. पहिल्या दीड महिन्याबद्दल रुग्णाला पुष्कळ सांगितले जाते, पुढच्या वर्षाबद्दल फार थोडे. म्हणून या नोंदीचा भर त्या पुढच्या काळावर आहे.

वेळ कशाला लागतो

नवा सांधा हाडाला धरायला महिने लागतात, असा एक समज आहे. पण बहुतेक गुडघे सांधा हाडाला घट्ट धरून ठेवणाऱ्या खास सिमेंटने बसवलेले असतात आणि ते सिमेंट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दहा-पंधरा मिनिटांत कडक होते. म्हणूनच रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करता येते. भार दिला तर सांधा निसटेल ही भीती घरोघरी असते आणि तिच्यापायी पहिले मोलाचे दिवस अंथरुणात जातात.

वेळ लागतो तो सांध्याभोवतीच्या जिवंत भागाला. गुडघ्यावर समोरून जवळपास वीतभर छेद घेतात, मांडीच्या पुढच्या स्नायूचा पट्टा कडेने उघडतात आणि वाटी बाजूला सारतात. सांध्याच्या आत हाडांना एकमेकांशी जोडणारे दोन बंध फुलीच्या आकारात असतात. त्यांतला पुढचा सहसा काढला जातो, सांध्याच्या अनेक प्रकारांत मागचाही. गुडघा या क्षणी किती वाकला आहे ही खबर मेंदूला देण्यात या बंधांचा वाटा असतो. ‘पाय माझा वाटतच नाही, लाकडाचा वाटतो’ ही तक्रार म्हणूनच मनाचे खेळ समजून उडवून लावू नये.

मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद पहिल्या महिन्यात निम्म्याहूनही खाली जाते. सांध्यात सूज असली, की त्या स्नायूकडे जाणारा हुकूम मज्जारज्जूच दाबून धरतो. रुग्ण मनापासून जोर लावतो आणि पाय मात्र गादीवरून उचलत नाही. ‘आई, तू प्रयत्नच करत नाहीस’ असे म्हणणाऱ्या मुलांना कुणीतरी एवढे समजावून सांगायला हवे.

आपल्याकडे गुडघे बहुधा आतल्या बाजूने झिजतात आणि पाय धनुष्यासारखे बाकतात. तास-दोन तासांच्या शस्त्रक्रियेत पाय सरळ होतो, पण दहा-पंधरा वर्षे दोन्हीकडे डुलत चाललेली कंबर आणि घोटा जुन्या सवयीनेच चालत राहतात. एकच गुडघा बदलला असेल तर तो पाय लांब झाल्यासारखा वाटतो. ही जाणीव बहुतेकांची काही महिन्यांत विरते.

पहिले तीन महिने

साधारण दोन आठवड्यांनी टाके निघतात, मग वॉकर सुटून काठी येते आणि सहा आठवड्यांच्या सुमारास बरेच जण घरात आधाराशिवाय फिरतात. वाकण्यातली बहुतेक कमाई याच तीन महिन्यांत होते.

सगळ्यांचे लक्ष गुडघा किती वाकतो याकडे लागलेले असते. तो पूर्ण सरळ होतो की नाही हे राहून जाते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा मोकळा खाली सोडायचा, हा सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत कंटाळवाणा व्यायाम. याच्या नेमके उलट घडते: दुखते म्हणून घरचे कुणी मायेने गुडघ्याखाली उशी सरकवते. तेवढ्यापुरते बरे वाटते, पण गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे लंगडणे मागे लागते.

सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकावा लागतो, जिना चढायला ८० ते ८५, खुर्चीत बसता-उठताना ९० ते १०५. बदललेला गुडघा बहुतेकांचा ११० ते १२० अंशांपर्यंत जातो. सहा आठवड्यांनंतरही तो काटकोनापर्यंत येत नसेल तर भूल देऊन वाकवावा लागतो का, हे शल्यविशारदाला विचारावे. हा उपाय पहिल्या तीन महिन्यांत केल्यास जास्त गुण देतो. नंतर आतला व्रण घट्ट होत जातो. ‘बघू अजून महिनाभर’ हे वाक्य इथे महागात पडते.

तीन महिन्यांनंतर

या टप्प्यावर मदतीला आलेली लेक सासरी परतलेली असते, घरी येणारा फिजिओ बंद झालेला असतो. बऱ्याच आरोग्यविम्यांत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च ६० किंवा ९० दिवसांपुरताच मिळतो. जखम भरलेली दिसते, म्हणून सगळ्यांच्या लेखी माणूस बरा झालेला असतो. रुग्णाला मात्र रात्री दोन वाजता ठणक्याने जाग येते आणि आपलेच काहीतरी चुकले असे वाटू लागते.

या काळात पुढील गोष्टी नेहमीच्या समजाव्यात. संध्याकाळी गुडघा सुजतो, सकाळी उतरतो. हात लावला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम लागतो, आणि ही ऊब सहा महिने, कधी वर्षभरही राहते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, कारण त्वचेतली एक बारीक नस छेदातच कापली जाते; तो पट्टा हळूहळू आकसतो, पण काहींचा पूर्ण जात नाही. चालताना आतून टक् असा आवाज येतो, तो नव्या सांध्यातला धातू त्यातल्याच प्लॅस्टिकला टेकल्याचा. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली चार पावले अवघडलेली पडतात.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. एखाद्या दिवशी उत्साहाने दुप्पट चालले, की पुढचे दोन दिवस गुडघा फुगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो ते पाहावे: कालच्यापेक्षा जास्त सुजलेला किंवा दुखरा असेल तर थोडे कमी करावे, पण थांबू नये. साधारण सहाव्या महिन्यापर्यंत फरक आठवड्यांच्या हिशेबाने कळतो, त्यानंतर महिन्यांच्या.

या टप्प्यावर बहुतेकांची एकच चूक होते आणि ती मोठी आहे. चालणे वाढवले म्हणजे व्यायाम झाला, असे धरले जाते. चालण्याने दम वाढतो. मांडीचा गेलेला जोर त्याने पुरता परत येत नाही. त्यासाठी हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार, पायाला वजन बांधून गुडघा सरळ करणे, स्थिर सायकल असे अंग दमवणारे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा अनेक महिने लागतात. या काळात मालिशवर जितका पैसा जातो त्यातला निम्मा जरी फिजिओकडे गेला, तरी जिने सोपे होतील. हाडवैद्याकडून झटका देऊन गुडघा मोडून घेणे मात्र धोक्याचे आहे. त्यात स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा तुटू शकतो.

शेजारच्या काकू तीन महिन्यांत बाजारात जाऊ लागल्या, ही तुलना फार दुखावणारी असते. दहापैकी आठ-नऊ जण या शस्त्रक्रियेवर समाधानी असतात, पण एक-दोघांना वर्षानंतरही वेदना किंवा नाराजी उरते, आणि त्यांनी कमी कष्ट केले असे नसते. आधीच फार आखडलेला गुडघा, अंगात अनेक ठिकाणी असलेले दुखणे, मधुमेह, खिन्नता, दुसरा झिजलेला गुडघा अशी कारणे त्यात असतात. कधी वेदनेचे मूळ खुब्यात किंवा मणक्यात असते आणि बोट गुडघ्याकडे दाखवले जाते.

नाशिकचे जिने, घाट आणि जमीन

चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हा जिन्याचा नियम सगळ्यांना शिकवला जातो. चढण्यापेक्षा उतरणे उशिरा जमते, कारण उतरताना मांडीच्या स्नायूला ताणत ताणत भार तोलायचा असतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे लाकडी जिने उभे आणि अरुंद, काही ठिकाणी धरायला नुसता दोर. तिथे राहणाऱ्याने शस्त्रक्रियेआधीच तळमजल्यावर झोपण्याची सोय करावी. गंगेवर जाणे, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जाणे, ही नाशिककरांची जुनी ओढ. रामकुंडाच्या पायऱ्या दगडी, ओल्या आणि अनेक जागी निसरड्या आहेत; कठड्याशिवाय एकेक पायरी उतरता येईपर्यंत वरूनच नमस्कार करणे बरे. पंचवटीतल्या सीतागुंफेत अरुंद वाटेने वाकून, जवळजवळ बसत उतरावे लागते, इतके वाकणे या गुडघ्याकडून सहसा होत नाही. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे उतारावर रुळांवरून चढणारी गाडी आहे, त्यामुळे देवीचे दर्शन तुलनेने लवकर शक्य होते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, छोटी म्हटली तरी सुमारे २० किलोमीटरची आणि चिखलाची, पहिल्या वर्षी नको. रोजच्या सरावाला कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदान यांसारखी सपाट, वाहनांपासून दूर असलेली जागा उत्तम.

जिन्यांपेक्षा अवघड प्रश्न जमिनीचा आहे. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे यांना १२० अंशांच्या पुढचे वाकणे लागते. काही जणांना ते जमते, बहुतेकांना जमत नाही, आणि जमले तरी रोज करू नये असाच सल्ला बहुधा मिळतो. पाटावर बसून पूजा, पंगतीतले जेवण, विळीवर भाजी चिरणे हे सगळे खुर्चीवर किंवा ओट्यावर येते. देवघरासमोर खुर्ची ओढताना डोळे भरून आलेल्या बायका कमी नाहीत. हे दुःख खरे आहे आणि शस्त्रक्रियेआधीच ते स्पष्ट बोलायला हवे. लासलगाव-येवल्याकडे कांद्याची लागण आणि खुरपणी वाकून, उकिडवे बसूनच होते. त्या कामावर परत जायचे ठरवून गुडघे बदलणाऱ्या बाईला खोटी आशा दाखवू नये. द्राक्षबागेतली उभ्याने करायची कामे पुढे जमू शकतात, मात्र ढेकळांच्या जमिनीवर तोल सांभाळायला वेळ लागतो.

जमिनीवरून उठता येणे मात्र सगळ्यांनी शिकावे, कारण पडण्याची वेळ कधी ना कधी येते. जवळ खुर्ची ओढून, चांगला गुडघा टेकून, हातांवर भार घेत उठायचे. जखम पूर्ण भरल्यावर बदललेला गुडघा टेकला म्हणून सहसा बिघडत नाही, फक्त बधिर आणि विचित्र लागते. खाली जाड घडी घ्यावी.

कार चालवताना ब्रेकवरचा पाय साधारण चार ते सहा आठवड्यांत पूर्वीइतका चपळ होतो. स्कूटरला जास्त थांबावे, कारण अचानक पाय टेकवून गाडीचे वजन तोलावे लागते.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी बोचते, निफाडचा पारा तर एक आकडी होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सकाळचा ताठरपणा वाढल्याचे अनेकांना जाणवते. त्याने सांध्याला इजा होत नाही. अंथरुणातच पाय हलवून घ्यावेत आणि ऊन आल्यावर फिरायला निघावे.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे

पोटरी एकाएकी सुजली किंवा धाप लागली तर रक्ताच्या गुठळीची शंका धरून त्याच तासाला रुग्णालय गाठावे. व्रणातून पाणी किंवा पू, वाढती लाली, ताप ही जंतुसंसर्गाची चिन्हे. संसर्ग वर्षांनंतरही रक्तावाटे येऊ शकतो. म्हणून मधुमेह असलेल्याने पायाची जखम, गळू, किडका दात यांकडे दुर्लक्ष करू नये आणि अनवाणी फिरू नये. महिनोन्महिने बरा असलेला गुडघा नव्याने दुखू लागला, मधूनच लटका पडू लागला किंवा आधी जमणारे वाकणे कमी झाले, तर ते सावकाश सावरणे नसते; त्याला तपासणी लागते.

सांध्याचे आयुष्य

परदेशांतल्या मोठ्या नोंदवह्यांवरून बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८० टक्के २५ वर्षे टिकतात असे दिसते. वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी उभ्याने काढलेला एक्स-रे पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया असतो, तो जपून ठेवावा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली (कर वेगळा), आणि बिलावर सांध्याची कंपनी, नाव व बॅच क्रमांक लिहिणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. वीस वर्षांनी सांध्याचा एखादा भाग बदलायची वेळ आली, तर शल्यविशारद पहिल्यांदा हेच कागद मागतो. म्हणून ते बिल आणि सांध्याचे स्टिकर घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे, आणि ते कुठे आहे हे मुलांनाही ठाऊक असावे.