बोल्टच्या तोंडाशी उरलेली फट

बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे नळीचं मागचं तोंड बोल्ट नावाच्या सरकत्या दांड्याने बंद करणारी रायफल, दुरुस्तीला आली की जाणता कारागीर दस्त्याचं पॉलिश नंतर बघतो, आधी हेडस्पेस नावाची फट तपासतो. काडतूस नळीत पुरतं बसल्यावर त्याचं बूड आणि बोल्टचं तोंड यांच्यात किती फट उरते, हा त्याचा पहिला प्रश्न. फट जास्त असेल तर बार उडताना काडतुसाचं पितळ ताणून फाटतं आणि तापलेला वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

सुरुवातीला ही भानगड नव्हती. प्रशियाने १८४१ साली स्वीकारलेल्या ड्रायझेच्या रायफलीत बोल्ट दाराच्या कडीसारखा पुढे सारून खाली पाडायचा. काडतूस कागदी. लांब सुई दारूतून आरपार जाऊन ठिणगी पाडायची आणि त्या आगीतच खराब होऊन मोडायची. सैनिक जादा सुया जवळ बाळगत आणि मोडलेली स्वतःच बदलत. बोल्ट रायफलीची पहिली दुरुस्ती म्हणायची तर हीच!

धातूचं काडतूस आलं, कागदी काडतुसाच्या वेळी होणारी वायूची गळती थांबली आणि फटीचं गणित सुरू झालं. माउझरच्या १८९८ च्या रायफलीत बोल्टला पुढे दोन आणि मागे जादा तिसरी अशा पोलादी खुंट्या आहेत. पुढच्या दोन खुंट्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी चौकटीत, अडकून सगळा दाब पेलतात. प्रत्येक बोल्ट त्याच्याच रायफलीशी जुळवून बसवलेला असे, म्हणून बोल्टवरही रायफलीचाच क्रमांक ठोकलेला दिसतो. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट घातला आणि तो सहज फिरला, म्हणून तो बसला असं होत नाही. फट मोजायचं गेज लावावंच लागतं. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड नंबर ४ मध्ये मात्र बोल्टचं डोकं सुटं, ० ते ३ अशा मापांत. झीज झाली की पुढच्या मापाचं डोकं चढवायचं. दिसायला साधी, पण मला सगळ्यात हुशार वाटणारी सोय.

अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्डची गोष्ट वेगळी. तिथे घडाईच्या वेळी पोलाद किती तापलं हे कामगार रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ठरवत. लख्ख उन्हात तेच पोलाद कमी तापल्यासारखं दिसे, मग जास्त तापवलं जाई आणि ठिसूळ होई. १९१७ मध्ये काही रिसीव्हर फुटले, तेव्हा हे उघड झालं. पुढे भट्टीवर तापमान मोजणारे पायरोमीटर बसले. पण स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या क्रमांकाच्या रायफलींवर इलाज सापडला नाही. पुन्हा तापवून पाहिलं, तरी त्यांचा भरवसा वाटेना. असा क्रमांक दिसला की आजही जाणते कारागीर तिच्यातून गोळी झाडू नका असंच सांगतात, मग गेजवर फट कितीही अचूक येवो.