पार्श्वभूमी: जुन्या कॉम्प्युटरच्या बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं काय

सोलापुरात गाडीचा पार्ट बदलायला गेलं की ‘कंपनीचा टाकायचा की डुप्लिकेट?’ एवढंच विचारतात. जुन्या कॉम्प्युटरच्या सौद्यात तेवढ्यावर भागत नाही. विकणारा ‘सगळं ओरिजिनल आहे’ म्हणतो तेव्हा त्याचे चार अर्थ निघतात. मशीन कारखान्यातून निघालं तेव्हा बसवलेला भाग, म्हणजे ‘कंपनी फिटिंग’, हा पहिला. त्याच मॉडेलच्या, त्याच काळातल्या दुसऱ्या मशीनमधून काढलेला भाग, हा दुसरा. नामांकित कंपनीचा पण आजच्या उत्पादनातला भाग, हा तिसरा. आणि चौथा नुसताच ‘नकली नाही’ एवढाच. चारही खरे असू शकतात, पण भाव चारांचा सारखा नसतो. बरीचशी भांडणं पहिल्या आणि दुसऱ्या अर्थाच्या सरमिसळीतून होतात.

फरक बोर्डावर दिसतो. चिपवरचा चार आकडी तारखेचा कोड वाचावा: ८५२३ म्हणजे १९८५ चा तेविसावा आठवडा. बहुतेक चिपा ८५१५ ते ८५३० च्या दरम्यानच्या आणि एकच ८८४१ ची असेल, तर ती नंतर बसवली आहे. मशीनपेक्षा चिप काही महिने जुनी असणं मात्र साहजिक आहे, कारखान्यात साठा पडून असतो. ७४०४ हा चिपचा नंबर आहे, १९७४ चा चौथा आठवडा नव्हे. नवखे इथे हमखास फसतात. बीबीसी मायक्रो मॉडेल बी या ब्रिटिश कॉम्प्युटरवर रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, सोळा चिपा ओळीने असतात. त्यांतली एकच आयसी बेसवर, म्हणजे चिप खोचायच्या सॉकेटवर, असेल आणि खालचे सोल्डरचे डाग जास्त चकचकीत असतील, तर तिथे हात लागला आहे. कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरची आवाजाची चिप, नंबर ६५८१ किंवा ८५८०, हा वेगळाच धोका आहे. जुना छाप घासून नवा मारलेल्या चिपा बाजारात फिरतात, म्हणून ती चालवून, आवाज ऐकूनच घ्यावी.

हा बारकावा पैशात कसा उतरतो, याचं ठळक उदाहरण १९७६ च्या ॲपल-१ चं. सुमारे २०० बोर्ड तयार झाले, किंमत ६६६.६६ डॉलर. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक ९,०५,००० डॉलरला गेला. अशा बोर्डांवर पांढरा सिरॅमिक ६५०२ प्रोसेसर आणि निळे मोठे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) मूळचेच आहेत का, हे खरेदीदार भिंगाखाली पाहतात.

आपल्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली, त्याच सुमारास शाळांसाठी बीबीसी मायक्रो आले, पुण्यात परवान्याने स्पेक्ट्रम हे ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर जोडले जाऊ लागले. पुढे नव्वदच्या दशकात असेंबल्ड पीसी आला: बोर्ड एकाचा, कॅबिनेट दुसऱ्याचं, जुळणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्याच दुकानात. परदेशी संग्राहक याला ‘मिक्स माल’ म्हणून बाजूला सारतात. हे चूक आहे. दुकानदाराचं स्टिकर, वॉरंटीची चिठ्ठी आणि बिल जागेवर असेल, तर ती जुळणी हीच त्या मशीनची कंपनी फिटिंग. ते स्टिकर खरवडून ‘स्वच्छ’ केलेलं मशीन आपली ओळख घालवून बसतं.

सगळ्यात मोठा वाद मात्र झिजणाऱ्या भागांचा. चादरीच्या मागाचा धोटा, पिकर, पट्टा झिजतो आणि बदलतात. जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं जपतात, कारण नक्षी त्यांत असते. कॉम्प्युटरमध्ये कार्डांच्या जागी रॉम (कायमचा प्रोग्राम असलेली चिप), खास चिपा, कीबोर्ड, केस आणि नावाची पट्टी येते. कंडेन्सर आणि बॅटरी धोट्यासारख्या.

बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) बाजूला ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे पिवळसर पारदर्शक कंडेन्सर असतात. वरच्या आवरणाला तडे जातात, आतला कागद दमट हवा ओढतो आणि कित्येक वर्षांनी प्लग लावला की धूर निघतो. प्लग लावण्याआधीच ते काढून एक्स-२ दर्जाचे (मेन्सवर चालणारे सुरक्षित) नवे घालावेत. ३८६-४८६ प्रोसेसरच्या जुन्या पीसीच्या बोर्डावरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी तर आज दिसली की आजच कापून काढावी. गळलेला क्षार तांब्याचे ट्रॅक खातो. हिरवा गंज दिसला तर पांढरं व्हिनेगर, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि सुकल्यावर मल्टिमीटरने प्रत्येक ट्रॅक तपासावा. कमोडोर ६४ चा मूळ सप्लाय शोकेसपुरताच ठेवावा: आतला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टची लाइन चढते आणि रॅम जळते. इथे मूळ भागच बाकीच्या मूळ भागांची किंमत खातो.

बोर्डावरचे सगळे कंडेन्सर सरसकट बदलायची घाई मात्र करू नये. ईएसआर (कंडेन्सरचा आतला रोध) मोजून खराब तेवढेच काढावेत, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे, त्याच मापाचे घालावेत. तापमान दहा अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेल्या) कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडलेल्या मशीनला हे जास्तच लागू. मागाच्या शेडमधलं मशीन असेल तर आधी रुईचे तंतू ब्रशने काढावेत, पावसाळ्यात ते ओल धरतात.

काढलेला प्रत्येक भाग छोट्या पिशवीत, वर बोर्डावरचा नंबर आणि तारीख लिहून, मशीनसोबतच द्यावा. गळकी बॅटरी तेवढी त्या पिशवीत नको. तिचा फोटो पुरे.