आधी सूर, मग चित्र: 'काउबॉय बीबॉप'च्या जॅझची पार्श्वभूमी

'काउबॉय बीबॉप' या जपानी ॲनिमे मालिकेचं शीर्षकसंगीत, 'टँक!', दीड मिनिटाचं आहे. ब्रासचा दणका बसतो, बेस आणि बोंगो पळत सुटतात, एक पुरुषी आवाज तीन-दोन-एक मोजतो आणि अख्खा बिग बँड तुटून पडतो. त्याच वेळी पात्रांच्या छायाकृतींमागून बारीक इंग्रजी अक्षरं सरकत असतात. चित्र थांबवून ती वाचली, की १९४१ सालचं न्यूयॉर्क समोर येतं. हार्लेममधल्या 'मिंटन्स प्लेहाउस' या क्लबात तरुण वादक रोज रात्री एकमेकांशी चढाओढीनं वाजवतायत, ठरीव साच्याच्या जॅझला ते विटले आहेत, आणि त्यातून 'बीबॉप' हा जॅझचा एक नवाच प्रकार जन्माला येतोय. पुढचा मजकूर थेट २०७१ सालच्या अंतराळात जातो. आपण काय करू पाहतोय, हे मालिकेनं पहिल्याच मिनिटात असं लेखी देऊन टाकलं आहे.

जपानमध्ये जॅझ १९२० च्या दशकातच रुजलं होतं. ओसाकाचे डान्स हॉल त्यावर नाचत होते. युद्धकाळात ते 'शत्रूचं संगीत' ठरलं. १९४५ नंतर अमेरिकन सैन्य आलं, छावण्यांमधल्या क्लबांना रोज रात्री वादक लागू लागले, आणि त्या कामावर जपानी वादकांची एक पिढी पोसली गेली, तयारही झाली. पियानोवादक तोशिको आकियोशी याच वातावरणातून पुढे आल्या. परदेशी रेकॉर्ड महाग असत, म्हणून ऐकणारे 'जॅझ किस्सा' नावाच्या कॉफीहाउसांत जात. तिथे कॉफीच्या एका कपावर तास न् तास बसता येई. बऱ्याच ठिकाणी बोलायलाही मनाई असे. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकन ड्रमर आर्ट ब्लेकी आपल्या 'जॅझ मेसेंजर्स' बँडसह दौऱ्यावर आला, तोवर त्याला कान देऊन ऐकणारा श्रोता तिथे तयार होता.

व्यंगपटांना जॅझ नवं नव्हतं. अमेरिकेत हॉइट कर्टिन यांनी 'द फ्लिंटस्टोन्स'ला बिग बँडचा बाज दिला होता, आणि १९६५ च्या चार्ली ब्राउनच्या नाताळ विशेष कार्यक्रमाला व्हिन्स ग्वाराल्डींच्या पियानोचा. जपानी टीव्हीवर मात्र खरी वाट पाडली ती युजी ओनो यांनी. ओनो मुळात जॅझ पियानोवादक. १९७७ साली सुरू झालेल्या 'लुपिन तिसरा'च्या दुसऱ्या मालिकेचं संगीत त्यांनी केलं आणि ती मालिका १५५ भाग चालली. चोरांच्या पाठलागाला फंक आणि बिग बँडची साथ हवी, हे जपानी प्रेक्षकाच्या कानात बसलं ते तेव्हापासून. माझ्या मते 'बीबॉप'चा सर्वांत जवळचा पूर्वज हाच.

तरीही 'बीबॉप'चे दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे आणि संगीतकार योको कान्नो यांनी जे केलं, ते वेगळं होतं. दोघं 'मॅक्रॉस प्लस' या ॲनिमेवर (१९९४) आधी एकत्र आले होते. सनराइज स्टुडिओत नवी मालिका ठरली, तेव्हा खेळणी विकणाऱ्या प्रायोजकाची अट एवढीच होती, की त्यात अंतराळयान हवं. बाकी हवं ते करा. ही मोकळीक संगीतालाही मिळाली. एरवी दिग्दर्शक यादी देतो, इतके सेकंद दुःखाचे, इतके पाठलागाचे, आणि संगीतकार ती भरून देतो. इथे कान्नो न मागितलेले तुकडेही करून आणायच्या, आणि ते ऐकून वातानाबेंना नवे प्रसंग सुचायचे. हे वातानाबेंनीच मुलाखतींतून सांगितलं आहे.

म्हणूनच हे संगीत पार्श्वभागी राहत नाही. पाचव्या भागात चर्चमधल्या चकमकीनंतर मालिकेचा नायक स्पाइक रंगीत काचेच्या खिडकीतून खाली कोसळतो. गोळीबाराचा गोंगाट थांबतो आणि कोवळ्या आवाजांचं वृंदगान सुरू होतं. त्यात जॅझ औषधालाही नाही. पण मारामारी संपली म्हणून ड्रम्स न वाढवता सगळा ताल काढून घेणं, ही हिंमत जॅम सेशनमध्ये, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं एकत्र वाजवण्याच्या बैठकींत, मुरलेल्या माणसांचीच. बाराव्या-तेराव्या भागांत तर सॅक्सोफोनवादक ग्रेन हे पात्रच कथेच्या मध्यभागी येतं. भागांना 'सेशन' म्हणणं, त्यांना ब्लूज, बॅलड, जॅझ अशी नावं देणं हेही याच वृत्तीतलं.

कान्नोंनी यासाठी 'सीटबेल्ट्स' हा बँड बांधला. बेभान जॅमिंगमध्ये जपून राहायला वादक पट्टे बांधतात, अशी त्या नावाची गमतीदार कहाणी सांगितली जाते. 'टँक!'मधला सॅक्सोफोन मासातो होंडांचा. समाप्तीचं गाणं, 'द रिअल फोक ब्लूज', माइ यामाने यांनी गायलं.

एप्रिल १९९८ मध्ये टीव्ही टोकियोवर मालिका लागली, पण तिथे जेमतेम अर्धेच भाग दाखवले गेले. सगळे २६ भाग ऑक्टोबरपासून वाउवाउ या सशुल्क वाहिनीवर आले. २ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेतल्या 'अडल्ट स्विम' या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमपट्ट्यात ती पोचली आणि तिचा खरा बोलबाला तिथून सुरू झाला. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं खऱ्या नटांना घेऊन ती नव्यानं केली, तेव्हा पात्रांपासून कथानकापर्यंत पुष्कळ काही बदललं. संगीतासाठी मात्र पुन्हा कान्नोंनाच बोलावलं, आणि सुरुवातीला 'टँक!'च ठेवलं.